इंजिनाच्या तापमानाची पारख

कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील तंजावर हे शहर भाताच्या शेतीसाठी, बृहदीश्वराच्या मंदिरासाठी आणि सरस्वती महाल ग्रंथालयासाठी प्रसिद्ध आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजीराजांनी तेथे भोसल्यांची गादी स्थापिली. तेव्हापासून त्या शहरात मराठी बोलणारी घराणी नांदत आली आहेत. आज तंजावरात उदरनिर्वाहाचे एक मोठे साधन म्हणजे भाड्याची मोटार होय. मंदिराच्या दर्शनाला आलेल्या यात्रेकरूंना कुंभकोणम, स्वामीमलई, वेलांकण्णी असे फिरवून आणणे हा अनेकांचा रोजचा धंदा आहे. अशा माणसाच्या गाडीने अचानक जास्त पेट्रोल प्यायला सुरुवात केली, सकाळी ती लवकर सुरू होईना, किंवा मागून काळा धूर निघू लागला, तर दिवसाची मिळकत धोक्यात येते. मग गॅरेजमध्ये कोणी प्लग बदलतो, कोणी पेट्रोलचा पंप बदलतो, खर्च वाढत जातो आणि धूर मात्र तसाच राहतो. कित्येकदा या साऱ्याच्या मुळाशी बोटाच्या पेराएवढा एक भाग असतो. त्याला शीतकाच्या तापमानाचा संवेदक म्हणतात. गॅरेजमध्ये त्याला नुसते ‘टेंपरेचर सेन्सर’ म्हणतात. तो चांगला आहे की बिघडला आहे, हे घरच्या घरी तपासता येते. त्यासाठी एक साधा मल्टिमीटर, थोडा बर्फ, उकळते पाणी आणि पुष्कळसा धीर एवढेच लागते.

हा संवेदक काय करतो ते प्रथम समजून घेऊ. इंजिनात इंधन जळते तेव्हा निर्माण होणारी सगळी उष्णता चाके फिरवण्यास उपयोगी पडत नाही. तिचा मोठा भाग इंजिनाच्या धातूत साठू लागतो. तो बाहेर नेण्यासाठी इंजिनाच्या पोकळ भिंतींतून एक द्रव सतत फिरवला जातो. पाणी व इथिलीन ग्लायकॉल यांच्या या मिश्रणाला शीतक किंवा कूलंट म्हणतात. संवेदकाचे पितळी टोक या द्रवात बुडालेले असते आणि त्याच्या दुसऱ्या टोकाशी दोन तारा जोडलेल्या असतात. त्या तारा इंजिनाचे नियंत्रण करणाऱ्या संगणकापर्यंत जातात.

जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांत असा संगणक नव्हता. चालकासमोरचा काटा हलवणे एवढेच तेथे तापमानाच्या संवेदकाचे काम असे. तो बिघडला तर काटा खोटे बोलत असे, इंजिन मात्र आपल्या चालीने चालत राही. १ एप्रिल २००० पासून देशभर धुराचे ‘इंडिया २०००’ हे नियम लागू झाले, त्यानंतर भारत टप्प्यांचे नियम उत्तरोत्तर कडक होत गेले आणि १ एप्रिल २०२० पासून सहावा टप्पा अमलात आला. या काळात पेट्रोलच्या गाड्यांतून कार्ब्युरेटर हद्दपार झाला व इंधन किती फवारायचे हे संगणक ठरवू लागला. थंड इंजिनाला थोडे जास्त पेट्रोल लागते, तापलेल्या इंजिनाला कमी. इंजिन थंड की गरम हे संगणकाला स्वतः कळत नाही. संवेदक सांगेल तेच त्याला खरे वाटते. रेडिएटरमागील पंखा केव्हा फिरवायचा, ठिणगी किती आधी पाडायची, डिझेलच्या गाडीत ग्लो प्लग किती वेळ तापवायचे, या गोष्टीही बहुधा याच माहितीवर ठरतात. म्हणून या लहानशा भागाची चूक साऱ्या इंजिनाला भोगावी लागते.

संवेदकाच्या आत मँगेनीज, निकेल, कोबाल्ट अशा धातूंच्या ऑक्साइडांची भाजून घट्ट केलेली एक गोळी असते. तांब्याची तार तापली की तिचा विद्युतरोध वाढतो. या गोळीचे उलटे आहे. ती तापली की तिचा रोध झपाट्याने कमी होतो, कारण उष्णतेमुळे तिच्यातील अधिकाधिक विद्युतभार प्रवाहासाठी मोकळे होतात. पदार्थाचा असा उलटा गुण प्रथम मायकेल फॅरडे यांनी १८३३ साली रुप्याच्या सल्फाइडमध्ये पाहिला. त्याचा व्यवहारात उपयोग होण्यास मात्र जवळजवळ शंभर वर्षे जावी लागली.

अनेक गाड्यांत आढळणाऱ्या एका प्रचलित जातीच्या संवेदकाचे आकडे उदाहरणादाखल पाहू. बर्फाच्या तापमानाला, म्हणजे ० अंश सेल्सिअसला त्याचा रोध सुमारे ५,९०० ओहम असतो. २० अंशांना तो २,५०० ओहम, ३० अंशांना १,७०० ओहम, ४० अंशांना जवळजवळ १,२०० ओहम, ६० अंशांना ६०० ओहम, ८० अंशांना ३२० ओहम आणि १०० अंशांना अवघा १८५ ते १९० ओहम भरतो. सर्वच गाड्यांचे आकडे हेच असतील असे नाही. आपल्या गाडीचे नेमके आकडे दुरुस्तीच्या पुस्तिकेत मिळतात. पण उतरण साधारण अशीच असते, आणि ती सरळ रेषेसारखी नसते. थंडीत एका अंशाने शेकडो ओहमचा फरक पडतो. गरमीत तोच फरक पाचसहा ओहमवर येतो. ही गोष्ट लक्षात ठेवावी, तिचा पुढे उपयोग होणार आहे.

संगणक रोध थेट मोजत नाही. तो आपल्या पोटातील एका ठरावीक रोधातून संवेदकाला ५ व्होल्टचा दाब पुरवतो आणि संवेदकाच्या टोकांवर त्यातील किती दाब उरतो ते पाहतो. समजा, संगणकाच्या आतील रोध २,५०० ओहम आहे. २० अंशांना संवेदकाचाही रोध तेवढाच असल्यामुळे दाब दोघांत सारखा वाटला जातो आणि संगणकाला २.५ व्होल्ट दिसतात. ८० अंशांना संवेदकाचा रोध ३२० ओहम झाला की त्याच्या वाट्याला अर्ध्या व्होल्टपेक्षा किंचित जास्त दाब येतो. तार तुटली तर पुरे ५ व्होल्ट दिसतात, आणि संगणकाच्या हिशेबाने त्याचा अर्थ ध्रुवप्रदेशातील कडाक्याची थंडी असा होतो. दोन तारा एकमेकींना चिकटल्या तर शून्य व्होल्ट दिसतात, म्हणजे इंजिन आगीसारखे तापले आहे. अशा टोकाच्या बिघाडाची खूण संगणक ओळखतो, चेक इंजिनाचा दिवा लावतो आणि बहुतेक गाड्यांत सावधगिरी म्हणून पंखा सतत चालू ठेवतो. गाडी सुरू करताच थंड इंजिनावर पंखा धावू लागला, तर संशयाची पहिली सुई या संवेदकाकडे व त्याच्या तारांकडे वळवावी. स्कॅनरवर अशा वेळी पी ०११७ किंवा पी ०११८ असा संकेतांक दिसतो. पहिल्याचा अर्थ दाब फार कमी, दुसऱ्याचा फार जास्त.

कठीण प्रसंग येतो तो अर्धवट खोटे बोलणाऱ्या संवेदकाचा. इंजिन ८० अंशांवर असताना तो ५० अंश सांगत राहिला, तर दिवा लागत नाही, काटा फारसा वेगळा दिसत नाही, फक्त संगणक गरजेपेक्षा जास्त पेट्रोल ओतत राहतो. असा बिघाड मोजल्याशिवाय सापडत नाही.

मोजण्यापूर्वी दोन गोष्टी तपासाव्यात, कारण संवेदक पुष्कळदा निर्दोष असतो. पहिली गोष्ट शीतकाची पातळी. ती इंजिन पूर्ण थंड असताना, पारदर्शक टाकीवरील खुणांवरून पाहावी. पातळी फार खाली गेली असेल तर संवेदकाचे टोक द्रवाऐवजी वाफेत किंवा हवेत लोंबत राहते आणि इंजिन करपत असतानाही तो तापमान कमी दाखवू शकतो. अशा वेळी नवा संवेदक बसवणे म्हणजे ताप आलेल्या रोग्याचा थर्मामीटर बदलण्यासारखे आहे. दुसरी गोष्ट थर्मोस्टॅट नावाची झडप. ती उघडी अडकून राहिली तर इंजिन खरोखरच नीट तापत नाही. संवेदक थंडी सांगतो ते खरेच असते, आणि दोष मात्र त्याच्या माथी मारला जातो.

आता एक इशारा. गरम इंजिनाचे रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. स्वयंपाकघरातील प्रेशर कुकर आपल्या परिचयाचा आहे. दाबाखाली पाणी १०० अंशांच्या वरही उकळत नाही, म्हणून कुकरमध्ये डाळ लवकर शिजते. रेडिएटरचे झाकण तेच काम करते. ते उघडताच दाब एकदम उतरतो आणि आतला द्रव उसळून तोंडावर, हातांवर येतो. त्याचे चटके फार खोल असतात. ग्लायकॉलबद्दलही जपले पाहिजे. ते चवीला गोडसर पण विषारी असते. सांडलेले शीतक लहान मुले, कुत्री, मांजरे यांच्या वाटेत राहू देऊ नये. पंख्यापासून हात दूर ठेवावा; काही गाड्यांत किल्ली बंद असतानाही तो अचानक सुरू होतो.

पहिली तपासणी संवेदक जागेवरून न काढता करता येते. गाडी रात्रभर सावलीत उभी असू द्यावी. सकाळी किल्ली बंद ठेवून संवेदकाची जोडणी शोधावी. बहुतेक गाड्यांत ती थर्मोस्टॅटच्या घराजवळ असते. काही जुन्या गाड्यांत दोन वेगळे संवेदक असतात. एक तार असलेला केवळ काट्यासाठी आणि दोन तारांचा संगणकासाठी. आपल्याला दुसरा हवा. जोडणीचा खटका दाबून ती सैल करावी. तारा धरून ओढू नये, तापून कडक झालेले प्लॅस्टिक पटकन मोडते. मल्टिमीटर ओहमवर लावावा. आधी त्याच्या दोन सुया एकमेकींना टेकवून पाहाव्यात; शून्याच्या आसपास आकडा आला म्हणजे मीटर व त्याच्या तारा ठीक आहेत. मग सुया संवेदकाच्या दोन पिनांना लावाव्यात.

येथे नवशिक्याची हमखास फसगत होते. मीटरचा खटका २,००० ओहमच्या पट्ट्यावर असेल आणि रोध त्याहून जास्त असेल, तर पडद्याच्या डाव्या कडेला नुसता १ दिसतो. तो संवेदक मेल्याचा पुरावा नव्हे. मीटरची झेप अपुरी पडल्याची ती खूण आहे. २० किलोओहमचा पट्टा निवडला की खरा आकडा दिसतो.

दुसरी फसगत तंजावरसारख्या ठिकाणीच होते. अनेक पुस्तिकांत तपासणीचे तापमान २० अंश दिलेले असते आणि पुढे २,५०० ओहम असा आकडा असतो. तंजावरात वर्षातील बहुतेक सकाळी ‘थंड’ इंजिनाचे तापमान पंचवीस ते तीस अंशांच्या घरात असते. तेथे मीटरवर १,७०० ते २,००० ओहम दिसले तर ते अगदी बरोबर आहे. पुस्तिकेतील आकड्याशी ते जुळत नाही म्हणून चांगला संवेदक फेकून देण्यात अर्थ नाही. आकड्याची तुलना नेहमी त्या क्षणीच्या तापमानाशी करावी, छापील तापमानाशी करू नये. जवळ थर्मामीटर असेल तर तो रात्रभर गाडीजवळ ठेवावा. स्कॅनर मिळाला तर काम आणखी सोपे होते. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत शीतकाचे तापमान व आत घेतल्या जाणाऱ्या हवेचे तापमान जवळजवळ सारखे दिसले पाहिजे. दोहोंत दहापंधरा अंशांचे अंतर असेल तर एक कोणीतरी खोटे बोलतो आहे.

थंड आकडा लिहून घ्यावा. मग जोडणी पुन्हा लावून इंजिन नेहमीच्या तापमानाला येईपर्यंत चालवावे, बंद करावे आणि पुन्हा मोजावे. रोध काही हजारांवरून तीनशे ओहमच्या आसपास उतरला पाहिजे. मोजताना तारा हळूच हलवून पाहाव्यात. आकडा उड्या मारू लागला तर आतील सांधा सैल झाला आहे.

गरम तपासणी का महत्त्वाची, हे एका हिशेबाने कळेल. समजा, जोडणीच्या पिनांवर गंज चढला आणि वाटेत २०० ओहमचा फाजील रोध निर्माण झाला. २० अंशांना २,५०० च्या जागी २,७०० ओहम होतील आणि संगणकाला १८ अंश वाटतील. एवढ्या फरकाने काही बिघडत नाही. पण इंजिन ८० अंशांवर गेले की ३२० च्या जागी ५२० ओहम होतात, आणि संगणकाला तापमान ६४ अंशच वाटते. म्हणजे सोळा अंशांची चूक. इंजिन तापून तयार झाले तरी संगणक त्याला अजून उबदार होऊ पाहणारे समजतो व पेट्रोल ओतत राहतो. सकाळी ‘सेन्सर ओके’ असा निर्वाळा देणारा माणूस लबाड नसतो, त्याने फक्त अर्धी तपासणी केलेली असते. गंज जोडणीत असेल तर नुसता संवेदक मोजून तो दिसणारही नाही. म्हणून पिना हिरवट किंवा पांढुरक्या झाल्या आहेत का, हे डोळ्यांनी पाहणे हाही तपासणीचाच भाग समजावा.

संशय उरला तर संवेदक बाहेर काढून पाण्यात तपासावा. इंजिन थंड असतानाच तो खोलावा. थोडे शीतक वाहील, त्यासाठी खाली भांडे ठेवावे. तपासणीसाठी वापरलेले पातेले पुन्हा स्वयंपाकाला घेऊ नये. संवेदक दोऱ्याने असा टांगावा की पितळी टोक पाण्यात बुडेल, जोडणीची बाजू कोरडी राहील आणि टोक पातेल्याच्या बुडाला टेकणार नाही. बूड पाण्यापेक्षा जास्त तापलेले असते, टेकले की मोजमाप चुकते.

थर्मामीटर नसला तरी निसर्गाने दोन पक्की तापमाने फुकट दिली आहेत. चुरलेला बर्फ थोड्या पाण्यात ढवळून काही मिनिटे ठेवला की तो ० अंशांवर स्थिर राहतो. खळखळ उकळणारे पाणी तंजावरात जवळजवळ १०० अंशांचे असते, कारण ते शहर समुद्रसपाटीपासून शंभर मीटरपेक्षाही कमी उंचीवर आहे. हेच सर्वत्र खरे नाही. महाबळेश्वरला पाणी साधारण ९५ अंशांना उकळते आणि उदकमंडलमला ९२–९३ अंशांना, कारण उंचावर हवेचा दाब कमी असतो. तंजावरचा आकडा घेऊन निलगिरीवर संवेदक तपासणाऱ्याला तो बिघडलेला वाटू शकेल. पाणी स्वच्छ असावे, त्यात मीठ नसावे, आणि पातेल्यावर झाकण ठेवू नये. ताप पाहण्याचा घरगुती थर्मामीटर यासाठी चुकूनही वापरू नये. तो ४२ अंशांपर्यंतच मोजतो, उकळत्या पाण्यात फुटतो आणि पाऱ्याचा असेल तर घरात पारा पसरतो. प्रयोगशाळेतील ११० अंशांपर्यंतचा थर्मामीटर मिळाला तर उत्तम. त्यामुळे पाणी निवत असताना ८०, ६०, ४० अंशांनाही रोध टिपता येतो.

हे आकडे वहीत लिहावेत. तंजावरचे सरफोजी राजे दुसरे (१७७७–१८३२) यांना वैद्यकाचा नाद होता, आणि नेत्ररोग्यांच्या तपासणीच्या नोंदी डोळ्यांच्या चित्रांसह त्यांनी ठेवविल्या. त्या सरस्वती महालात जतन झाल्या आहेत. रोग्याची आज काय अवस्था आहे हे कळण्यासाठी मागे ती काय होती हे ठाऊक असावे लागते. मोटारीचेही तसेच आहे. गाडी चांगली चालत असताना घेतलेले चार आकडे बिघाडाच्या दिवशी पुस्तिकेपेक्षा अधिक कामाला येतात.

संवेदकाचे आकडे बरोबर आले आणि तक्रार मात्र कायम राहिली, तर तारा तपासाव्यात. जोडणी संवेदकापासून सुटी असताना किल्ली चालू करावी, इंजिन सुरू करू नये. मीटर डीसी व्होल्टवर लावून गाडीच्या बाजूच्या जोडणीच्या दोन टोकांत दाब पाहावा. तो ५ व्होल्टच्या आसपास हवा. काहीच दिसले नाही तर एक सुई तशीच ठेवून दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूला लावावी. तेथे ५ व्होल्ट आले तर परतीची तार तुटली आहे. तेथेही शून्य आले तर पुरवठ्याची तार किंवा संगणक पाहावा लागेल, आणि तेथे जाणत्या कारागिराला बोलवावे. ओहमवर लावलेला मीटर चालू दाबाच्या तारांना लावू नये. मीटर खराब होतो आणि आकडाही निरर्थक येतो. सुई आत जाण्यासाठी तारेचे वेष्टन टोचणे हीदेखील वाईट सवय आहे. दमट हवेत त्या छिद्रातून पाणी शिरते आणि सहा महिन्यांनी नवा बिघाड जन्माला येतो.

संवेदक खरोखरच सदोष निघाला तर त्याच जातीचा घ्यावा. बाहेरून सारखे दिसणारे, आटेही जुळणारे दोन संवेदक आतून वेगळ्या आकड्यांचे असू शकतात. दुकानातच मीटर लावून त्या वेळच्या तापमानाला तो किती ओहम दाखवतो हे पाहावे आणि वहीतील आकड्याशी ताडून घ्यावे. बसवताना जुनी वॉशर बदलावी आणि पान्याने बेताचाच जोर लावावा, कारण पितळी आटे ॲल्युमिनियमच्या घरात सहज चिरडले जातात. शीतक पुस्तिकेत सांगितलेल्या प्रकाराचे व प्रमाणाचे भरावे, नळीत अडकलेली हवा निघेपर्यंत इंजिन चालू ठेवून पातळीवर लक्ष ठेवावे, आणि इंजिन पुन्हा पूर्ण थंड झाल्यावर टाकी खुणेपर्यंत भरावी. संगणकात साठलेला जुना संकेतांक स्कॅनरने पुसून टाकावा.